रात्री पावणेबाराचा परिच्छेद

फेब्रुवारी उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. शब्द वेगळे, सूर एकच : "ग्रुपमध्ये मीच मरतोय मॅडम, आणि मार्क मात्र सगळ्यांना सारखे." पालकांचेही फोन येतात. आमच्या पोरीला एकटीला प्रोजेक्ट करू देतील का, तुम्ही सरांशी बोलाल का? सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर द्यावं म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव कुणाचंच देत नाही.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दारातूनच म्हणाली, "मी येऊ आत? का बाहेर थांबतो?" (कोल्हापूरच्या मुली 'करतो, जातो' म्हणतात तेव्हा माझ्या पुण्याच्या मैत्रिणी दचकतात. मी तिची वाक्यं ती बोलली तशीच लिहिते आहे.) हातात वही, वहीत कामांची यादी, यादीपुढे सगळीकडे तिचीच आद्याक्षरं.

पेपर होता इंटरनेट कौशल्यांचा, दोन क्रेडिटचा. शोध नेमका कसा घ्यायचा, आलेला मजकूर खरा की खोटा कसा ओळखायचा, पासवर्ड कसे सांभाळायचे, एकाच फाइलवर चार जणांनी काम कसं करायचं, असा अभ्यासक्रम. पाच जणांच्या टीमला काम दिलं होतं पुराच्या दिवसांत फिरलेले दहा फॉरवर्ड तपासण्याचं. कोल्हापुरात हा विषय शोधावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली, की २०१९ आणि २०२१ चे फोटो 'आत्ताचा फोटो' म्हणून घरोघरी पोचतात.

टीममध्ये पदं वाटलेली होती : लीडर, रिसर्चर, डिझायनर, प्रेझेंटर आणि 'सपोर्ट'. सपोर्ट म्हणजे काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काहीतरी द्यायला पाहिजे होतं ना त्याला." तो सपोर्टवाला नदीकाठच्या चिखलीचा मुलगा. दोघी मैत्रिणी गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या, पाचच्या गाडीला पळणाऱ्या. पाचवा शिवाजी पेठेतला, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळणारा. शाहू स्टेडियमवर सामने चालू असताना तो वर्गात दिसेल ही अपेक्षाच चूक होती. आणि लीडर ही.

पहिल्या भेटीत मी तिला चुकीचा सल्ला दिला, हे आधीच कबूल करते. म्हटलं, सगळ्यांना एकत्र बसव आणि मनातलं मोकळेपणानं बोल. कँटीनमध्ये दीड तास चर्चेचं गुऱ्हाळ चाललं, एक मुलगी रडली, फुटबॉलवाला 'बघू' म्हणून उठून गेला. दुसऱ्या दिवशी काम तिथंच. समुपदेशकांना बोलण्यावर जरा जास्तच विश्वास असतो.

दुसऱ्या भेटीत तिला रिंगेलमानची गोष्ट सांगितली. हा फ्रान्समधला शेती अवजारांचा अभियंता. माणसांना दोरी ओढायला लावून त्यानं ताकद मोजली आणि १९१३ साली ते आकडे छापले. माणसं वाढली तशी दर माणशी ओढ कमी होत गेली. आठ जण मिळून ओढतात तेव्हा एकेकट्याच्या ताकदीच्या बेरजेच्या निम्म्याच्या आसपासच जोर पडतो. पुढे १९७९ साली अमेरिकेत लाताने या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच तपासलं. घोळक्यात माणूस कमी ओरडतो. पण आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं वाटलं की ही ढिलाई जवळजवळ जाते, असं त्याच मंडळींच्या नंतरच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे तिच्या टीममधली पोरं काही जगावेगळी आळशी नव्हती.

"मग मोजायचं कसं?" तिनं विचारलं. व्यवहारी मुलगी. मी म्हटलं, मोजलेलं आहेच की. तुमची फाइल ऑनलाइन आहे ना? व्हर्जन हिस्टरी उघड. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता काय लिहिलं, काय खोडलं, सगळं तिथं रंगांत दिसतं.

ती खुशीत आली. पुरावाच मिळणार होता. लॅपटॉप माझ्याकडे वळवून एकेक तारीख उघडायला लागली. तिचा रंग जांभळा. पानंच्या पानं जांभळी. मग एका मंगळवारी रात्री पावणेबाराला हिरवा परिच्छेद दिसला. चिखलीच्या मुलाचा. मराठीत, सात-आठ ओळी : हा फोटो आमच्या भागातला नाही, भिंती जांभ्याच्या आहेत, आमच्याकडं अशी घरं नाहीत, हे कोकणातलं वाटतंय, शोधून बघूया का.

बुधवारी पहाटे पाच पन्नासला तो परिच्छेद खोडलेला. खोडणारा रंग जांभळा. त्या जागी इंग्रजीत दोन वाक्यं आली होती, आणि त्यांत भिंतींचा उल्लेखही नव्हता. त्यानंतर फाइलमध्ये हिरवा रंग कुठेच नव्हता.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रिपोर्ट इंग्लिशमध्ये द्यायचा होता मॅडम. मला वाटलं, त्यानं असंच टाइप केलंय."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही. थोड्या वेळानं तीच घरचं सांगायला लागली. आई डबे करून देते, हिच्या हातून भाकरी थापली गेली की आई ती परत थापते. "मला राग यायचा," असं म्हणाली आणि हसली.

तिच्या मामाचं कागल तालुक्यात गुऱ्हाळ आहे हे मला आधीच्या बोलण्यातून माहीत होतं. मला वाटलं, आता दाखला अचूक बसणार. विचारलं, गुऱ्हाळावर काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. तोच चुलवाणात जळण घालायला बसला तर? ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मामाचं गुऱ्हाळ तीन वर्षं झाली, बंद आहे. गुळव्याच मिळत नाही." दाखला तिथंच संपला. पण जाता जाता दारात थांबून तिनं विचारलं, "म्हणजे सपोर्ट हे काही काम नव्हतंच, नाही?"

खरी अडचण तीच होती. लीडर, डिझायनर ही पाट्यांवरची नावं. त्या नावाच्या माणसानं कोणता निर्णय घ्यायचा आणि तो अडला तर कुणाचं काम अडणार, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. म्हणून आम्ही पदं पुसली आणि फॉरवर्डकडे बघून कामं पाडली. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख-ठिकाण ही माहिती सहसा उरत नाही, तेव्हा एकीनं फोटो उलटा शोधायचा, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून तो नेटवर आधी कुठं आलाय ते बघायचं. टिनआय या साइटवर सर्वांत जुनी नोंद वर आणता येते. फोटो २०१९ ला नेटवर असेल तर तो यंदाचा असणं शक्य नाही. एवढंच सिद्ध होतं, तो कधी काढला ते नव्हे, हेही लिहायचं. दुसरीनं त्या दिवसाची बंधाऱ्यावरची पातळी आणि त्या वेळच्या बातम्या ताडायच्या. चिखलीच्या मुलाकडे शेवटचा शब्द : ठिकाण ओळखणं आणि 'हे पटत नाही' म्हणणं. त्याची सही झाल्याशिवाय निकाल पक्का नाही. त्यानं मराठीत लिहावं, इंग्रजी हिनं करावं आणि केलेलं त्याला वाचून दाखवावं. हिचं खोडायचं बटण बंद. हरकत असेल तर शेजारी टिप्पणी लिहायची.

एसटीवाल्या दोघींचा प्रश्न तर आपोआप सुटला. त्या कामचुकार नव्हत्याच. टीमच्या बैठका साडेपाचला ठेवल्या जात होत्या, इतकंच.

हिनं चिखलीच्या मुलाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. माफी मागितली का, असं मी विचारलं तेव्हा "मागितल्यासारखं केलं" एवढंच उत्तर आलं. आठवड्यानं फाइल हिरवी झाली होती. जांभ्याच्या भिंतींचा तो फोटो २०२१ च्या चिपळूणच्या पुराचा निघाला.

फुटबॉलवाल्याचं मात्र गोड काही झालं नाही. मी तिला एवढंच म्हटलं होतं की 'तू काहीच करत नाहीस' असं लिहू नको. एक काम, एक तारीख लिही. तिनं दोन फॉरवर्ड नेमून दिले, शुक्रवारपर्यंत. शुक्रवार गेला, सोमवारही गेला. सहकाऱ्यांच्या मूल्यमापनाच्या कागदावर त्याच्यापुढे काय लिहायचं, यावर ती दोन रात्री झोपली नाही. तालमीची पोरं, गल्लीतली ओळख, उद्या तोंड कसं दाखवायचं. शेवटी जे घडलं ते तारखांसह लिहिलं. त्याला गुण कमी मिळाले आणि तो अजून तिच्याशी बोलत नाही. ही किंमत तिनं मोजली. 'कोणी दुखावणार नाही' असं आश्वासन मी कुणालाच देत नाही.

थोडं शिक्षकांबद्दलही. टीम करून शिकवण्याची 'टीम बेस्ड लर्निंग' नावाची एक पद्धत आहे आणि ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी बसवली. त्यांचा वर्ग चाळिसावरून एकशे वीसवर गेला होता. त्यात टीम शिक्षक पाडतात, साधारण पाच ते सात जणांची, आणि ती सत्रभर बदलत नाही. वाचून आल्यावर आधी प्रत्येकाची एकट्याची चाचणी होते, मग तेच प्रश्न टीमनं मिळून सोडवायचे. दोन्हीचे गुण धरतात. पुढची कामंही बहुतांश वर्गातच, सगळ्या टीमना एकच प्रश्न आणि एकाच वेळी उत्तर. आपल्याकडे बहुतेकदा नाव तेवढं उचललं जातं. 'पाच-पाचचे ग्रुप करा, महिन्यानं पीपीटी आणा' याला टीम बेस्ड लर्निंग म्हणणं म्हणजे कट वगळून मिसळ वाढणं. तेव्हा पालकांनी सरांशी बोलायचंच असेल तर एकटीच्या परवानगीसाठी बोलू नये. वैयक्तिक गुण किती आणि सहकाऱ्यांचं मूल्यमापन आहे का, हे विचारावं. छळ, धमकी किंवा अचकट बोलणं होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं टीम बदलून मागायचीच, आणि लगेच.

सादरीकरणानंतर ती पेढे घेऊन आली. सगळं छान झालं, चिखलीचा मुलगा स्टेजवर मराठीत बोलला, प्रश्नही त्यालाच आले. मी सहज म्हटलं, स्लाइड्सची फाइल दाखव की. तिनं उघडली. आदल्या दिवशीच्या नोंदीत पहाटे पाच पन्नासला जांभळा रंग.

"मॅडम, फक्त फाँट बदलला," ती म्हणाली. "खरंच. अक्षर एक नाही खोडलं."