नायिकेला रडवायची घाई

पत्र: मी औसा तालुक्यातली, वय ४७. मालकांना जाऊन तीन वर्षं झाली. यंदा एक कथा लिहिली. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या पुजेला, एक विधवा बाई शेतात जाते, एवढीच. नणंदेनं वही वाचली. म्हणाली, "मेलेल्या माणसाचं गावभर करायलीस व्हय?" शेवट तीनदा बदलला, तरी मनाला येत नाही. दिवाळी अंकाला पाठवू की फाडून टाकू?

ताई,

फाडू नका. आणि इतक्यात पाठवूही नका. दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत, पुढच्या वर्षीही निघतील.

कथा सोबत जोडलीत ते बरं केलं, दोनदा वाचली. कडब्याची कोपी (खोपटं), तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, आंबिलीचा बिंदगा (घडा) पोराच्या डोक्यावर, आणि बाई बांधावरच उभी, कारण पूजा जोडप्यानं करायची. (कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रकही निघालं. पण बांधावरच्या बाईला "ये गं पुढं" म्हणायला घरातलंच कुणीतरी लागतं.) मग ती आंबील चाखते. 'मीठ कमी पडलंय' हे नवरा दर येळवशीला म्हणायचा. आता म्हणणारा नाही, म्हणून ती आपल्याच हातानं चिमूटभर टाकते आणि हसते.

तिथं माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही तिला पदरात तोंड खुपसून रडवलंय! तिन्ही शेवटांत ती रडतेच: एकदा कोपीत, एकदा विहिरीवर, एकदा घरी फोटोपुढं. हे रडणं तिचं नाही. नणंदबाईंनी वाचलं तर काय म्हणतील, या धाकानं तुम्ही ते तिच्या डोळ्यांत घातलंय. खरं सांगा, गेल्या येळवशीला तुम्हीही हसला होतात ना? आणि रात्री स्वतःलाच बोल लावलात?

चव्हाट्यावर आणण्याचं म्हणाल, तर आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर काय गायलं? सासरचा जाच, गेलेलं लेकरू, न्यायला न आलेला भाऊ. आळीभर ऐकू जायचं. गंगाखेडच्या जनाबाईनं तर विठ्ठलालाच दळू लागायला बसवलं.

पण नणंदबाईंचं एक मला पटतं. सोसायटीच्या कर्जाचा आकडा आणि दवाखान्यातले शेवटचे दोन दिवस कथेत नकोत. पोराला त्याच गावात राहायचंय. शिवाय कथेला त्यांची गरजही नाही, मिठानं काम झालंय.

आणि त्यांचा भाऊ गेलाय हो. तुम्हाला 'कसं चाललंय' म्हणून विचारणारी चार माणसं तरी असतील, बहिणीला कोण विचारतं? एखाद्या दुपारी वही बाजूला ठेवा, चहा टाका, आणि तो लहानपणी कसा होता ते त्यांना विचारा. सांगतील ते ऐकून घ्या. त्यांना विचारल्याशिवाय त्यातलं एक अक्षर कथेत घालू नका.

मग वही काढून हसण्याच्या ओळीपुढचं सगळं खोडा. मार्गशीर्ष अमावास्येला अजून वेळ आहे. त्या दिवशी कोपीत पुजेला कोण बसलं, तेवढं मला कळवा.