सगळ्या प्रकारचं थोडं थोडं वाचून काही हाती लागतं का?

तुम्ही विचारलंय की, एकाच महिन्यात कादंबरी, आत्मचरित्र, विज्ञान, प्रवासवर्णन असं सगळं वाचतो, घरचे म्हणतात एक विषय धर, तर अशा वाचनातून काही पदरात पडतं का, आणि आम्ही अलीकडे काय वाचलं.

पडतं. भरपूर पडतं. "एक विषय धर" हे मी स्वतःच्या घरात इतकं ऐकलंय की हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

माझा चुलत भाऊ एका कॉलेजात मराठी शिकवतो. मी भुसावळचा, नोकरी जळगावला, रोजचा पासवाला. वाचन होतं ते गाडीत, त्यामुळे हाताला लागेल ते वाचतो. दादाच्या मते याला वाचन म्हणतच नाहीत. गेल्या हिवाळ्यात बामणोदकडच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून झाली होती आणि सोलायचं काम आम्हा दोघांकडे आलं होतं. देठ धरायचं, करपलेलं साल ओढायचं, चटका बसला की बोटं पाण्यात बुडवायची आणि पुन्हा पुढचं वांगं घ्यायचं. काका शेजारी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचत होते. मी बोलता बोलता म्हणालो की सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचतोय आणि त्यात आपले धरणगावचे बालकवी भेटले. दादा मान वर न करता म्हणाला, "मी वर्षानुवर्षं 'औदुंबर' शिकवतोय. ते आत्मचरित्र माझ्या पेपरात नाही."

मला ते फार लागलं. 'औदुंबर' आठ ओळींची कविता. तिच्यावर पानंच्या पानं नोट्स लिहून द्यायच्या, आणि ज्या घरात हा कवी राहिला, जेवला, रुसला, त्या घरच्या बाईने त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचंही नाही? १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. शाळेच्या पुस्तकात तो नुसता निसर्गकवी असतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो घरातला पोरगा होतो. हट्टी, हळवा, जीव लावणारा. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा वय अवघं सत्तावीस. माझी गाडी रोज भादलीवरून जाते. आधी ते मला नुसतं मधलं स्टेशन होतं, आता तिथे गाडी थांबली की पुस्तकातून मान वर होते. हे मला कुठल्या नोट्सने दिलं नाही, कवितेनंतर आत्मचरित्र हातात घेतलं म्हणून मिळालं.

दादाचं म्हणणं असं की उड्या मारत वाचलं की खोली येत नाही. काकू मध्ये पडल्या, "अरे, त्याले आधी भाकर तं खाऊ दे." वाद तिथे थांबला, माझ्या डोक्यातला थांबला नाही. म्हणून उरलेलं इथे लिहितो.

शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त', दोन्ही १९६७ सालची. मी यंदा पाठोपाठ वाचली. 'मृत्युंजय' लहानपणी अंगात भिनलं होतं, या खेपेला भाषा जड वाटली. उपमांवर उपमा, आणि कर्ण बोलो की कुंती की दुर्योधन, सूर तोच. तरी ते खाली ठेववत नाही, हेही खरं. मग 'युगान्त'मधला कर्णावरचा लेख वाचला. बाईंनी कर्णाची कीव केली नाही की आरती ओवाळली नाही. महाभारताच्या मजकुरात जे आहे ते समोर ठेवलं, अगदी तो लढाईतून पळाला तेही. नुसती कादंबरी वाचून थांबलो असतो तर कर्ण माझ्यासाठी कायमचा बिचारा राहिला असता. नुसतं 'युगान्त' वाचलं असतं तर लोक त्याच्यावर इतका जीव का टाकतात हे कळलं नसतं. खोली म्हणतात ती हीच ना?

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' प्रत्येकाने वाचावं. दक्षिणा मिळवायला निघालेला वरसईचा गरीब भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडतो, झाशी पडते तेव्हा तिथेच असतो, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी येतो. लुटालुटीचं, कत्तलीचं वर्णन करताना त्याचा आवाज चढत नाही, त्यामुळे जास्त अंगावर येतं. घेताना आवृत्ती मात्र बघून घ्या. १९०७ ची चिंतामणराव वैद्यांनी बदल करून छापली होती, मूळ हस्तलिखिताबरहुकूम दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. तीच वाचा.

जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' बनारस आणि केंब्रिजपर्यंत अप्रतिम, पुढे संस्था उभारणीच्या तपशिलात माझा वेग मंदावला. तरी इतका मोठा शास्त्रज्ञ इतकं साधं मराठी लिहायचा, ते आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी जरूर वाचावं. यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकंही चाळली. एकही शेवटपर्यंत गेलं नाही, शिफारस करणार नाही.

आता एक सांगायचं राहिलं. तुम्ही नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असाल तर घरच्यांचं ऐका, परीक्षा होईपर्यंत विषय सोडू नका. दादाही त्याच वाटेने नोकरीला लागला आणि त्याचे कष्ट मी पाहिलेत. पण नोकरी लागल्यावरही पेपरात नाही म्हणून पुस्तक न उघडणं मला पटत नाही. 'स्मृतिचित्रे'ची माझी प्रत घरीच आहे. येत्या उन्हाळ्यात लग्नांना दादा भुसावळला येईल तेव्हा त्याला देणार आहे. ठोमऱ्यांचं प्रकरण वाच आणि मग पुढच्या वर्गावर जा, एवढंच सांगणार.