दोघांनी दूरच्या बेटांवर क्रूझ करायची तर मार्केसास कसं?

मार्केसास म्हणजे प्रशांत महासागरातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या फ्रेंच पॉलिनेशियाची बेटं. गर्दी नको असेल तर नक्की जा. तिथल्याच ताहिती बेटावरच्या पापीतेहून सुटणारी 'आरानुई ५' ही अर्धी मालवाहू, अर्धी प्रवासी बोट आहे. फेरी साधारण १२ दिवसांची. बंदराला लागली की क्रेनने सिमेंट, पोती, गाड्या उतरतात आणि सुकं खोबरं चढतं. दोघांनी कठड्याशी उभं राहून तासभर हेच बघावं, इतकी मजा येते. मार्केसास बेटांभोवती प्रवाळाची भिंत जवळपास नाही, त्यामुळे लाटा थेट आदळतात. त्यातल्या फातू हिवा बेटाला तराफ्यातून किनाऱ्यावर जावं लागतं, खलाशी दंड धरून उतरवतात. गुडघे दुखत असतील तर विचार करा. नोनो माश्या चावतात, मलम न्या. आणि हो, युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे सहसा चालत नाही. फ्रेंच पॉलिनेशियाचा वेगळा काढा.