केंद्रावर तुझं नाव माहीत असू दे

प्रिय पोरी,

परवा पतसंस्थेच्या पायऱ्यांवर भेटलीस तेव्हा पिग्मीचं मशीन तुझ्या हातात होतं, बाजारपेठेतली वसुली अर्धी राहिली होती, म्हणून बोलणं तुटलं. "बाई, पहिला रविवार चुकला, मग दुसरा चुकला. आता कुठल्या तोंडानं जाऊ? पुढच्या वर्षी बघू," एवढं म्हणालीस आणि पदर खोचून निघून गेलीस. ते 'पुढच्या वर्षी बघू' घरी येईपर्यंत माझ्या कानात घुमत होतं. बावीस वर्षं मी रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांचं अडलेलं सोडवायला, बसले. हे वाक्य बोलून गेलेले किती तरी चेहरे आठवतात, परत आलेले बोटांवर मोजता येतील. त्यांच्यातलं कुणी अभ्यास जमला नाही म्हणून गेलं नव्हतं. चार-दोन रविवार चुकले, लाज वाटली आणि पाऊल अडलं, एवढंच कारण.

म्हणून हे पत्र. सावकाश वाच, दोन बैठकींत वाचलंस तरी चालेल.

नेहमीच्या कॉलेजात मुलगी आठवडाभर दिसली नाही तर बाकावरची मैत्रीण फोन करते, हजेरी घेणारे सर विचारतात, घरी चिठ्ठी येते. दूरशिक्षणात तसं होत नाही. तू दोन महिने आली नाहीस तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही, कारण तू मुळात यायचीस हेच कुणाला ठाऊक नाही. तुझ्या सोयीनं शिकता यावं म्हणून हजेरीची सक्ती ठेवलेली नाही. पण त्या सोयीपायीच माणूस आवाज न होता गळून पडतो. तेव्हा आपलं असणं आपणच नोंदवायचं. केंद्रावर निदान तीन माणसांना तुझं नाव, तुझा चेहरा आणि तुझी नोकरी माहीत असली पाहिजे: केंद्रप्रमुख, कार्यालयातले लिपिक आणि तुझ्या विषयाचा एक तरी समंत्रक.

'समंत्रक' हा शब्द तुला अवघडल्यासारखा वाटतो, मला माहीत आहे. मला तो मनापासून आवडतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू होते, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलं गेलं. घरोघरी शिकणाऱ्याला वर्ग नाही, मग शिकवणारा कशाला म्हणायचं? तर ज्याच्याशी सल्लामसलत करायची, तो समंत्रक. पुस्तकंच अशी लिहिलेली असतात की वाचून बरंचसं समजावं. जिथे अडलं तिथे समंत्रक. म्हणजे संपर्कसत्राला, रविवारच्या त्या तासांना, कोरी वही घेऊन येण्यापेक्षा अडलेली तीन वाक्यं घेऊन येणारा विद्यार्थी खरा फायदा घेऊन जातो.

माझ्याकडे एक एसटीचे वाहक यायचे. रविवारी सुट्टी नाही, दुपारच्या फेरीआधी पाऊण तास मोकळा. ते वर्गात बसायचेच नाहीत. खाकी गणवेशात व्हरांड्यात उभे राहायचे, तिकिटाच्या मशीनचा पट्टा खांद्यावर, हातात अर्थशास्त्राचं पुस्तक आणि पानापानांत जुनी तिकिटं खुणेला घातलेली. एक तिकीट म्हणजे एक शंका. मी बाहेर यायचे, पाच-सात तिकिटं निकालात काढायचो, ते गाडी गाठायला पळायचे. आणखी काहीही त्यांनी माझ्याकडून घेतलं नाही. चौथ्या वर्षी पदवी झाली. तुला दर रविवारी चार तास बसता येणार नाही, हे मला कळतं. पण पाऊण तास? महिन्यातून दोनदा?

तू स्वतःच्या धंद्याकडे बघ. एखादा टपरीवाला चार दिवस पिग्मीचे पैसे देत नाही. तू त्याचं खातं बंद करतेस का? पाचव्या दिवशी पुन्हा त्याच्यापुढे उभी राहतेस, तोही खजील न होता पन्नास रुपये काढून देतो. चुकलेले रविवार तसेच आहेत. पाचवा दिवस कर आणि ये.

वयाचं म्हणशील, तर सव्विसाव्या वर्षी, पदरात पहिलीतली लेक असताना कॉलेज करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा येऊ शकत नाही, म्हणून शाळेनं वेळ बदलावी, हा विचार तेव्हाच झाला होता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हाही नोकरी करणाऱ्यांना कामाआधी शिकता यावं म्हणून तास सकाळी ठेवले. तुझ्यासाठी रविवारी केंद्र उघडं असतं ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. तू भरलेल्या फीमध्ये संपर्कसत्र, समंत्रकाचा वेळ, पुस्तकं, गृहपाठ तपासणी हे सगळं धरलेलं आहे. फी भरून ते न घेणं म्हणजे खात्यात पैसे असून रिकाम्या हातानं परत जाणं.

आता कामाचं. कागद सांभाळ. हे मी का सांगते, ते ऐक.

मुक्त विद्यापीठ निघायच्या आधीची गोष्ट. मी एका दुसऱ्याच विद्यापीठातून बाहेरून एम.ए. करत होते. शाळेत नोकरी, घरी सासूबाई आजारी. निकालाच्या कागदावर एका पेपरपुढे 'गैरहजर' छापून आलं. मी तो पेपर दिला होता, तीन तास बसून, बोट दुखेपर्यंत लिहिला होता. मला वाटलं माझंच काही तरी चुकलं असेल, आसनक्रमांक चुकीचा लिहिला असेन. कुणाला सांगितलं नाही. वर्षभर तोंड मिटून राहिले आणि तोच पेपर पुन्हा द्यायची तयारी केली. शेवटी शाळेतल्या एका वयस्कर लिपिकांना कळलं. त्यांनी विचारलं, "प्रवेशपत्र आहे का? पर्यवेक्षकाची सही आहे त्यावर?" होती. ट्रंकेत, लग्नाच्या साडीखाली. त्यांनी अर्ज लिहून दिला, वर सांगितलं की दोन प्रती घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दोन महिन्यांत दुरुस्त गुणपत्रिका आली. वर्ष मात्र गेलं ते गेलंच. ते वर्ष मी गप्प राहून घालवलं, याची खंत अजून आहे.

तेव्हा एक प्लास्टिकची फाईल कर. फीची पावती, पीआरएन, म्हणजे तुझा कायम नोंदणी क्रमांक, लिहिलेला कागद, प्रत्येक सत्राचं प्रवेशपत्र, गृहपाठ दिल्याची पोहोच. गृहपाठ देण्याआधी मोबाइलवर पानन् पान फोटो काढून ठेव. गृहपाठाचे गुण निकालात धरले जातात. तुझा दीर इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, आहे ना, त्याला विचार, तिथे बहुतेक अभ्यासक्रमांत सत्रकार्याला, म्हणजे गृहपाठालाच, ३० टक्के भार असतो. घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून मिळणारे गुण सोडून देणारे विद्यार्थी पाहिले की माझा जीव तुटतो.

निकालात कमी गुण आले आणि तुला खात्री असेल की पेपर बरा गेला होता, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलं. पुनर्मूल्यांकनाची मुदत मात्र थोडी असते, निकाल लागला त्याच आठवड्यात हालचाल कर. आणि एखादी तक्रार केंद्रावर सुटलीच नाही, तर नाशिकचं विभागीय केंद्र आहे. नाशिक धरून राज्यात अशी आठ आहेत. त्याच्याही वर, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असतो. तिथवर जायची वेळ बहुतेकांवर येत नाही. पण दार कुठे आहे ते माहीत असलं की खिडकीपाशी उभं राहताना आवाज कापत नाही.

'बाहेरून केलेली पदवी कोण विचारतं' असं तुझ्या व्यवस्थापकांनी म्हटल्याचं तू सांगितलंस. त्यांना शांतपणे सांग: मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीनं घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. एमपीएससीचा अर्ज भरताना कॉलेजात बसून केली की घरी बसून, म्हणून तुझी पदवी हलकी होत नाही. ते माणूस वाईट नाहीत. त्यांच्याशी एक बोलणं मात्र आधीच करून ठेव. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्याची प्रत त्यांच्या टेबलावर ठेव आणि त्या दहा-बारा दिवसांची वसुली कोण बघेल हेही तूच सुचव. ऐन वेळी सुट्टी मागणाऱ्याला नकार देणं सोपं असतं, महिनाभर आधी नाव सुचवून आलेल्याला जड जातं.

अभ्यासाला जागा नाही म्हणतेस. दोन खोल्यांत पाच माणसं आणि टीव्ही, मी पाहिलंय तुझं घर. बाजारपेठेत तुझी फेरी जिथे संपते तिथून चार पावलांवर सार्वजनिक वाचनालय आहे. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यातून अशा गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतं. आपल्या ग्रंथालयात मागच्या अंगाला अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. ग्रंथपालांना मी फोन केलाय, संध्याकाळी साडेसहा ते साडेसात एक खुर्ची तुला मिळेल. लेकीला घेऊन गेलीस तरी बालविभाग बाजूलाच आहे, ती चित्रांची पुस्तकं बघत बसेल. घरी मोबाइलवर वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश आंतरजालावर फुकट आहे. इतिहासाच्या एखाद्या नोंदीत अडलीस की आधी तिथे बघ, नाही तर शोधत शोधत भलत्याच व्हिडिओवर जाशील.

येण्याजाण्याच्या खर्चाचं मनावर घेऊ नकोस. विभागीय केंद्रावर कधी नाशिकला जावं लागलं तरी मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शिष्यवृत्तीचं मात्र केंद्रावर स्पष्ट विचार: महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तुझ्या प्रवर्गाची आणि उत्पन्नाची कोणती योजना दूरस्थ विद्यार्थ्याला लागू होते, कागद कोणते, शेवटची तारीख कोणती. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आजच सेतू केंद्रातून काढायला टाक, त्यात दिवस जातात.

आणि नणंदेचं. तिला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून तिनं नववीत शाळा सोडली, हे तू अगदी जाता जाता बोललीस, पण ते मला जास्त लागलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला दहावीला खाजगीरीत्या बसता येईल, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की परीक्षेला लेखनिक मिळतो, आणि केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ. आधी प्रमाणपत्राचं बघा. तिला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जायचं असेल तर मी येईन.

एवढं करूनही एखादं सत्र हातातून निसटेल. लेक आजारी पडेल, दिवाळीत वसुली वाढेल. तसं झालं तर पळून जाऊ नकोस, केंद्रावर येऊन सांग. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) तुझ्या एबीसी खात्यावर, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाइन बँकेत, जमा असतात, साधारण सात वर्षांपर्यंत ते तुझे राहतात. म्हणजे थांबलीस तर जिथे थांबलीस तिथूनच पुढे. आणि रात्री झोपच येत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं असं जे तू म्हणालीस, ते अभ्यासाच्या काळजीपुरतं आहे असं समजून दाबून ठेवू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात. मी माझ्या धाकट्या बहिणीला तो दिला होता. तिनं तीनदा फोन केला. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून चहा ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं.

येत्या रविवारी संपर्कसत्र आहे. अकराला सुरू होतं, तू साडेदहाला ये. मी निवृत्त झाले असले तरी त्या दिवशी केंद्राच्या फाटकापाशी उभी असेन. आधी कार्यालयात जाऊ, लिपिकांना तुझं नाव सांगू, ते रजिस्टरमध्ये लिहून घेतील. मग मराठीच्या समंत्रक बाईंशी ओळख करून देते, त्यांची स्वतःची पदवीही नोकरी करतच झालेली आहे. येताना पुस्तकातली तीन अडलेली वाक्यं पेन्सिलनं खूण करून आण. पिग्मीच्या पावत्या घातल्यास तरी चालतील.

लेकीला सोबत आण. तिच्यासाठी मी शेंगदाण्याचे लाडू केलेत.

तुझी,
बाई