पार्किन्सनची गोळी किती वेळ चालते, हे घरी कसं बघायचं?

‘औषध लागू पडतंय का,’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा बाबांची थरथर कधी कमी, कधी जास्त एवढंच सांगता येतं, असं तुम्ही लिहिलंय. थरथरीवर फार विसंबू नका. कुणी नुसतं टक लावून पाहिलं तरी ती वाढते, आणि बऱ्याच जणांची थरथर लेव्होडोपाला, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाला, म्हणावी तशी दाद देत नाही. हालचालीतला मंदपणा बघा.

आईला मी अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायला सांगते. बोटं पूर्ण उघडून, होईल तितक्या भराभर. तपासताना डॉक्टरही हेच करून घेतात. सुरुवातीला बोटं छान उघडतात. गोळीचा अंमल उतरला असेल तर चौथ्या-पाचव्या वेळेपासून मधलं अंतर आक्रसत जातं, एखादं बोट मध्येच अडकतं. वेगापेक्षा मी हे आक्रसणं बघते. गोळीच्या आधी आणि तासाभराने, त्याच हाताचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही चाचणीही घड्याळ लावून करता येते; पण शेजारी माणूस हवाच, वळतानाच तोल जातो.

खरं काम वहीचं. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा आणि लिहा: झोप, ऑफ (गोळीचा अंमल उतरलेला), ऑन (अंमल चालू), की ऑन पण अंग वळवळतंय. हे शेवटचं नीट ओळखा. थरथर एका लयीत असते. औषधामुळे होणाऱ्या या वळवळीत, म्हणजे डिस्कायनेशियात, अंग वेडंवाकडं, नाचल्यासारखं हलतं. दोन्हींची गल्लत झाली तर कमी करायचा डोस वाढवला जाऊ शकतो. ऑफमध्ये नुसती घालमेल किंवा घाम येणं एवढंच असू शकतं, तेही टिपा.

जेवणाची वेळही लिहा. लेव्होडोपा रक्तात तास-दीड तासात निम्मं होतं, आणि प्रथिनं जास्त असलेल्या जेवणासोबत घेतलं तर ते नीट शोषलंच जात नाही. पोट साफ नसलं तरी गोळी उशिरा लागते. म्हणजे दोष दर वेळी डोसचाच असतो असं नाही.

हालचाल मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळांचे आलेख दिसायला छान, पण वहीची जागा घेत नाहीत. आणि वही बघून डोस स्वतः बदलू नका. अचानक बंद तर मुळीच नको, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना फक्त एवढं सांगता आलं पाहिजे: आठची गोळी पावणेनऊला लागते, साडेअकराला उतरते, पुढची बाराला आहे.