ठरलेल्या दिवसाआधी उठू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते तीनदा वाचले. आठ दिवसांच्या तपसाधनेसाठी तू तमिळनाडूतल्या शांतिवन या ख्रिस्ती आश्रमात गेलास आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरून परतीची गाडी धरलीस. ‘तिथे काहीच मिळाले नाही, उलट मन अधिकच गढूळ झाले, आता इगतपुरीला विपश्यनेला जाऊ, की एखादा चांगला मार्गदर्शक शोधू?’ असे तू विचारतोस. कुठे जावे हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण मला बोलायचे आहे ते तुझ्या त्या तिसऱ्या दुपारविषयी.

ती दुपार फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने तिचे वर्णन करून ठेवले आहे. सकाळी दहाच्या सुमारास ती सुरू होते. साधूला वाटते की सूर्य जागचा हलतच नाही. तो खिडकीकडे पाहत राहतो, खोलीबाहेर येतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे याचा सूर्यावरून अंदाज घेतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का ते पाहतो. मग त्याला जागेचा तिटकारा येऊ लागतो, घरची माणसे आठवतात, आणि देव काही एकाच जागी भेटत नाही, तेव्हा दुसरीकडे जायला काय हरकत आहे, असा बिनतोड युक्तिवाद मनात उभा राहतो. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर हाच युक्तिवाद तू जवळजवळ याच क्रमाने मांडला आहेस. म्हणून मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळलास तरी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: परतण्याचा दिवस आधी ठरव आणि त्या दिवसाआधी उठू नकोस.

तू लिहितोस की कावेरीच्या काठी आहे म्हणून शांतता असेल असे वाटले होते, पण पहाटेपासून पोपटांचा कलकलाट, लांबून येणारा भोंग्याचा आवाज आणि रात्री नारळाच्या झावळ्या पडल्याचे दचके. अरे, झाडे आणि नदी ही तुझे मन रमवण्यासाठी तिथे नाहीत! आपल्या वसईच्या वाडीत वाढलेल्या मुलाला हे मी सांगावे? निसर्गाचा तिथे उपयोग असलाच तर तो इतकाच, की त्याला तुझी घाई नसते. तुस्कानीतल्या कामाल्दोलीच्या डोंगरात अकराव्या शतकाच्या आरंभी संत रोमुआल्दने मठ वसवला. तिथल्या संन्याशांनी पुढे कित्येक शतके फर वृक्षांची जंगले लावली आणि राखली, आणि लावलेले झाड पूर्ण वाढलेले पाहणे त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी नव्हते. शांतिवन १९८० पासून याच कामाल्दोलीच्या परंपरेशी जोडलेले आहे.

रोमुआल्दचा नियम अगदी छोटा आहे. खोलीत स्वर्गात बसल्यासारखा बस, आणि चांगला मच्छीमार जसा माशांवर नजर ठेवतो तशी आपल्या विचारांवर नजर ठेव, असे तो सांगतो. मी ते प्रथम वाचले तेव्हा मला माझे वडील आठवले. आमचे घर पाचूबंदरचे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, बांधली की पाण्याची ओढ मंदावेपर्यंत होडीत बसून राहायचे. मी लहानपणी ‘आता ओढूया का?’ असे दर पाच मिनिटांनी विचारी आणि ते उत्तरच देत नसत. जाळ्यात काय येईल हे त्यांच्या हाती नव्हते, वेळेआधी न ओढणे मात्र होते. तू तिसऱ्याच दिवशी जाळे ओढलेस आणि आता मला सांगतोस की समुद्रात मासे नाहीत.

मन गढूळ झाले म्हणतोस. कोणता गाळ वर आला ते तू लिहिले नाहीस आणि मीही विचारत नाही, पण माझे सांगतो. १९८४ साली, एकतिसाव्या वर्षी, मी दहा दिवसांच्या तपसाधनेला एका डोंगरातल्या आश्रमात गेलो होतो. पहिले दोन दिवस मी नुसता झोपलो. तिसऱ्या दिवसापासून थोरल्या भावाशी झालेले भांडण डोक्यात फिरू लागले. वडिलांच्या मागे होडी कोणाची यावरून आमचे बोलणे बंद होते. प्रार्थनेला बसलो की त्याचा चेहरा, स्तोत्रे म्हणताना त्याचे शब्द. पाचव्या दिवशी दुपारी मी तिथल्या फादरांना ‘आई आजारी आहे’ असे खोटेच सांगितले आणि एसटी पकडली. घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. प्रार्थनेत अडथळा येतो म्हणून मी जे टाळले, तेच पाहण्यासाठी मला तिथे बसवले होते, हे मला चार वर्षांनी, भावाच्या शवपेटीशेजारी उभा असताना कळले. आम्ही बोललो नव्हतो. आणखी पाच दिवस बसलो असतो तर मी त्याच्याकडे गेलोच असतो, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण बसलो नाही, एवढे मात्र खरे आहे.

त्या पळून येण्यानंतर अकरा वर्षे मी कोणत्याही आश्रमाची पायरी चढलो नाही. १९९५ मध्ये शांतिवनाला गेलो आणि ठरलेले सर्व दिवस पुरे केले; तेव्हापासून गुडघे साथ देत होते तोवर हा नियम मोडलेला नाही. एका वर्षी माझ्या भाच्याचा साखरपुडा अचानक ठरला आणि बहिणीने निरोप पाठवला, तरी मी सहाव्या दिवशी उठलो नाही. ती अजून मला बोल लावते. ‘देव काय पळून जाणार होता?’ असे तिने सगळ्यांसमोर विचारले होते, आणि तुझ्याही कानावर ते आलेच असेल. देव पळून जाणार नव्हता, मी जाणार होतो; ज्या माणसाने एकदा आईच्या नावाने खोटे सांगून पळ काढला आहे त्याला सुटीचे दुसरे कारण, मग ते कितीही गोड असो, स्वीकारता येत नाही. तिला हे पटले नाही. मी मात्र त्या निर्णयावर आजही ठाम आहे. खरे आजारपण असेल, किंवा मनाचा तोल जातो आहे अशी खरी भीती वाटली, तर तिथल्या वडीलधाऱ्याला सांगून जरूर उठावे. कंटाळा आणि संताप यांची गणना त्यात होत नाही.

तुझा शेवटचा मुद्दा मला विशेष लागला. शांतिवनाचे संस्थापकही तिथे कुठे टिकले, असे तू लिहितोस. जरा नीट वाचत जा. मोन्शानँ आणि ल सो, म्हणजे आपले अभिषिक्तानंद, या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी १९५० साली तो आश्रम सुरू केला. १९५७ मध्ये मोन्शानँ पॅरिसमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मनातला संन्याशांचा संघ उभा राहिलेला नव्हता. अभिषिक्तानंद हिमालयाकडे गेले हे खरे, पण ते १९६८ साली, अठरा वर्षांनंतर. त्यांच्या जागी आलेले इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स हे केरळातल्या कुरिसुमला आश्रमात दहा वर्षे काढून आले आणि १९९३ मध्ये देह ठेवीपर्यंत कावेरीकाठीच राहिले. अठरा वर्षांनी जाणे आणि तिसऱ्या दुपारी जाणे यांना तू एकाच तागडीत घालतोस?

इगतपुरीला जायचे असेल तर जा, माझा आक्षेप नाही; पण तिथेही पूर्ण दहा दिवस राहण्याचे वचन आधी द्यावे लागते. येशूसंघीयांकडे, म्हणजे जेज्वितांकडे, गेलास तर त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या साधनापुस्तिकेतली तेरावी सूचना तुला भेटेल: मन कोरडे असताना प्रार्थनेचा तास पुरा करणे जड जाते, तेव्हा तासापेक्षा थोडे अधिकच बसावे. म्हणजे जिथे जाशील तिथे हेच ऐकशील.

नाताळ घरी कर. जानेवारीत शांतिवनालाच पुन्हा जा. आश्रमाला आधी पत्र टाक, आठच दिवस माग, अधिक नको. परतीचे आरक्षण जातानाच कर. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर पिशवीकडे हात गेला तर पिशवी खोलीबाहेर ठेव आणि पुन्हा आत येऊन बस. मला तिथून पत्र लिहू नकोस, तोही उठण्याचाच एक प्रकार आहे. परत आलास की रविवारी मिस्सेनंतर माझ्याकडे जेवायला ये. काही घडले नाही असे म्हणालास तरी मी ऐकून घेईन, फक्त आठ दिवसांनंतर म्हण.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
धर्मशिक्षणाच्या वर्गातला जुना मास्तर