ईआरपीच्या टीममध्ये मोकळी माणसं घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडला मशीनिंगचा कारखाना, सिन्नरला दुसरं युनिट, आजवरचा कारभार टॅली आणि एक्सेलवर. आता ईआरपी, म्हणजे स्टोअर, प्रॉडक्शन, पर्चेस, अकाउंट्स सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर घेतलंय, एमडींनी १ एप्रिल ही गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष चालू करायची, तारीख सांगून टाकलीय आणि टीममध्ये आयटीचा एक मुलगा, अकाउंट्समध्ये नव्याने लागलेली मुलगी आणि तुम्ही. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. चार माणसं वाढवली तरी भागेलच असं नाही, कारण हे तिघे निवडले गेले ते हाताला मोकळे होते म्हणून. ईआरपीला नेमकी ती माणसं लागतात जी एक दिवस रजेवर गेली की डिस्पॅच अडतो. तुमच्या स्टोअरचे जे जुने इनचार्ज असतील ते पहिले. कोल्हापूरहून येणाऱ्या कास्टिंगचं बिल किलोवर येतं आणि लाइनला इश्यू मात्र नगावर होतो, कुठल्या प्लेटिंगवाल्याकडे किती माल पडून आहे, हे सगळं त्यांच्या वहीत आणि डोक्यात असतं. सॉफ्टवेअरला हवी ती माहिती हीच. त्यांना कॉम्प्युटर येत नाही म्हणून वगळतात, याचा मला मनापासून राग येतो. एंट्री करायला शेजारी मुलगा बसवता येतो, त्यांची माहिती कुठून आणणार?

त्यांच्यासोबत प्रॉडक्शनचा एक सुपरवायझर, पर्चेस आणि डिस्पॅचमधलं एकेक माणूस, अकाउंट्समधला महिनाअखेर स्वतः करणारा अनुभवी माणूस, आणि सिन्नरचा स्वतंत्र प्रतिनिधी घ्या. अंबडहून सिन्नरचं ठरवायला गेलात तर तिथले लोक समांतर एक्सेल चालू ठेवतील. टीमचा प्रमुख प्लांट हेड असावा, आयटीवाला नको. स्टोअर आणि अकाउंट्सचं एखाद्या नोंदीवरून जुंपलं, तर दोन दिवसांत निर्णय देण्याचा अधिकार ज्याला आहे त्यानेच हे काम चालवावं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. या लोकांना वेळ कुठून देणार? ‘रोजचं काम उरकून सहानंतर ईआरपीला बसा’ हे दोन आठवडे चालतं, मग मीटिंगला कुणी येत नाही. एमडींच्या सहीचा कागद काढा: अमुक माणूस गो-लाइव्ह होईपर्यंत रोज अर्धा दिवस ईआरपीवर, त्या वेळात त्याचं काम तमुक बघणार. हा तमुक आत्तापासून तयार करावा लागतो, गरज पडली तर सहा महिन्यांसाठी कंत्राटी माणूस घ्यावा लागतो. त्याचा पगार प्रोजेक्टच्या बजेटमध्येच धरा. लायसन्सवर लाखो खर्चून या पगारापाशी हात आखडणारे कारखाने मी आपल्या अंबड-सातपूर पट्ट्यात बघितलेत. तिथे सिस्टीम अकाउंट्सपुरती उरली.

प्लॅनमध्ये पार्टनर (सॉफ्टवेअर बसवून देणारी कंपनी) डेटाला सहसा दोन आठवडे दाखवतो. मी म्हणेन, डेटाचं काम आजच सुरू करा, कॉन्फिगरेशनची वाट बघू नका. एकच पार्ट ड्रॉइंग नंबरने, गिऱ्हाइकाच्या पार्ट नंबरने आणि शॉपवरच्या बोलीतल्या नावाने असा तीनदा यादीत सापडेल. बीओएममध्ये, म्हणजे कुठल्या पार्टला काय आणि किती लागतं त्या यादीत, जुनं रिव्हिजन असेल. किलो आणि नगाचं गणित प्रत्येक कास्टिंगसाठी काट्यावर वजन करून ठरवा, अंदाजाने नको.

जॉबवर्कला, म्हणजे प्लेटिंगसारख्या बाहेरून करून घ्यायच्या कामाला, वेगळा वेळ ठेवा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्करकडे पाठवलेला माल साधारणपणे १ वर्षात परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणजे ओपनिंग स्टॉक भरताना प्रत्येक उघडं चलन (ज्याचा माल अजून परत आलेला नाही) त्याच्या मूळ तारखेसकट आलं पाहिजे. नुसता एकूण आकडा टाकलात तर हे वय सिस्टीमला कधीच कळणार नाही.

१ एप्रिलबद्दल. नवं आर्थिक वर्ष, नवी बिलांची सीरिज, म्हणून ती तारीख अकाउंट्सला आवडते. पण मार्चअखेर डिस्पॅचचा रेटा, स्टॉक मोजणी आणि ऑडिटची तयारी त्याच लोकांच्या डोक्यावर असते. अमेरिकेतल्या हर्शीज या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर नवी सिस्टीम चालू केली आणि गोदामात माल असूनही १० कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी पोचल्या नाहीत. पहिली तिमाही संपल्यावर, म्हणजे १ जुलैलाही सुरुवात करता येते. फक्त तारीख घसरत २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊ देऊ नका. तेव्हा सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, वाहतूक वळवलेली असेल, बाहेरून येणारा सल्लागार आणि तुमच्या गाड्या दोन्ही अडकतील.

तारीख पक्की करण्याआधी एक चाचणी घ्या. मागच्या महिन्यातला एक गर्दीचा दिवस निवडा आणि त्या दिवसाचे सगळे कागद, गेटवरच्या आवक नोंदीपासून ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलापर्यंत, तुमच्याच लोकांकडून टेस्ट सिस्टीममध्ये घालून घ्या. पार्टनरने कीबोर्डला हात लावायचा नाही. रिजेक्शन आणि अर्धवट आलेला लॉट मुद्दाम घ्या. दिवसाचा स्टॉक जुळला की तारीख जाहीर करा. प्रशिक्षणही असंच, मराठीतून, स्टोअरच्या टेबलावर, तुमच्याच पार्टच्या नावांनी.

आणि पार्टनरचा शेवटचा हप्ता गो-लाइव्हच्या दिवशी देऊ नका. पहिली महिनाअखेर बंद होऊन त्या महिन्याचं जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र नव्या सिस्टीमच्या आकड्यांवर भरलं जाईपर्यंत त्यांचा एक माणूस अंबडला आणि एक सिन्नरला बसला पाहिजे. हे करारात नसेल तर आत्ताच घालून घ्या, कारण सही झालेली असली तरी अजून बरेच पैसे तुमच्या हातात आहेत.